पुटिंग ग्रीनचं काम घेताय? आधी खड्डा घ्या, मग कोटेशन द्या



कृत्रिम गवतावरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय : "सर, क्लायंटला बंगल्याच्या मागे पुटिंग ग्रीन करून हवंय. स्क्वेअर फुटाला काय रेट सांगू?"

रेट सांगायला काही हरकत नाही. पण जमीन न बघता सांगितलेला रेट म्हणजे वजन न करता विकलेली भाजी. गवताचा रोल कुठूनही येतो, त्याचा भाव फोनवर कळतो आणि तो भाव क्लायंटलाही मोबाइलवर दिसतो. तिथे तुम्हाला फार मार्जिन कोणी देणार नाही. तुमचा पैसा सुटतो किंवा बुडतो तो गवताखालच्या पाच-सहा इंचांत. म्हणून आज फक्त त्या पाच-सहा इंचांबद्दल बोलू.

ज्यांनी गोल्फ कधी बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लांबचे फटके मारून झाले की बॉल शेवटी एका अगदी बारीक कापलेल्या गवताच्या तुकड्यावर आणतात. तिथे बॉल उडवायचा नसतो, पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीने हळूच ढकलून भोकात घालायचा असतो. तो तुकडा म्हणजे ग्रीन. भोक सव्वाचार इंच व्यासाचं, म्हणजे १०८ मिलिमीटर. बॉल कमीत कमी ४२.६७ मिलिमीटरचा. हे आकडे गोल्फच्या नियमांतले आहेत, ते बदलत नाहीत. घरच्या ग्रीनवर माणूस सकाळी चहाच्या आधी वीस-पंचवीस बॉल ढकलून सराव करतो, एवढाच त्याचा उपयोग.

गिऱ्हाईक कोण? पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर किंवा मुंबईत चेंबूरच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबमध्ये खेळणारी मंडळी, लोणावळा-कर्जत-अलिबागकडचे फार्महाऊसवाले, थोडी रिसॉर्ट्स. स्पष्टच सांगतो, नुसत्या पुटिंग ग्रीनवर वर्षभराचं दुकान चालेल असं समजू नका. पण ज्याला पुटिंग ग्रीनचा पाया जमला त्याला बाल्कनीपासून बॉक्स क्रिकेटपर्यंत गवताचं कुठलंही काम अवघड नाही. कारण सगळ्यात कडक परीक्षा हीच आहे.

कडक का, ते कॅरमवरून लक्षात येईल. बोर्डाखाली एका पायाशी घडी केलेला कागद सरकवला नाही तर सोंगटी एकाच बाजूला जाते, आणि बोर्डावर एक बारीक फुगवटा असला तर हळू मारलेला स्ट्रायकर तिथेच वळतो. जोरात मारलेला सरळ जातो. पुटिंगमध्ये बॉल भोकाजवळ येईपर्यंत त्याचा जोर संपत आलेला असतो, म्हणजे तो नेहमीच "हळू मारलेला" असतो. बागेतल्या लॉनखाली अर्धा इंच खड्डा असला तरी कोणाला कळत नाही. इथे तीन मिलिमीटरचा उंचवटाही क्लायंट पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवतो. गवत जाड घेऊन हे झाकता येत नाही, कारण पुटिंगचं गवतच आखूड, साधारण १० ते १५ मिलिमीटरचं असतं. खाली जे आहे तेच वर दिसतं.

जमीन ओळखा

साइट बघायला जाताना टेप नेता, तशी कुदळ किंवा पहारही न्या. क्लायंटला विचारून जागेच्या दोन-तीन ठिकाणी दीड-दीड फुटाचा खड्डा घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि या अर्ध्या तासावर तुमचं कोटेशन उभं आहे.

मुरूम लागला तर देव पावला. घट्ट आहे, पाणी झिरपतं, फुगत नाही. कोकणात जांभा लागेल, तोही चांगला, फक्त खोदायला मजुरी जास्त धरा. बंगला नवीन असेल तर बहुतेक वेळा भराव लागतो. बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, वरून चार इंच लाल माती. भराव हा फसवा प्रकार आहे, वरून छान वाटतो आणि पहिल्या पावसात एका कोपऱ्यात बसतो. तो काढा, किंवा पूर्ण उकरून, पाणी मारून, थराथराने पुन्हा दाबा.

आणि काळी माती लागली तर थांबा. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती, शेतकऱ्याच्या घरातल्यांना वेगळं सांगायला नको. कापसाला सोन्यासारखी, पायाला वैरी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वरचं सगळं उचलते. मे महिन्यात तिच्यावर कितीही सुंदर लेव्हल काढा, जूनमध्ये ती लेव्हल राहत नाही.

निफाड भागात एका बंगल्यावर मला दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. आधीच्या माणसाने एप्रिलमध्ये काळ्या मातीवर थेट दोन इंच डस्ट पसरून गवत लावलं होतं. फोटो काढले तेव्हा काम देखणं दिसत असणार. ऑगस्टमध्ये मी गेलो तर मधोमध परातीएवढं डबकं, कडेला गवत उचललेलं, आणि बॉल कुठूनही सोडा, त्या परातीत. मालक म्हणाले, "गवत बदलून द्या, पैसे देतो." गवत उत्तम होतं, त्याला काही झालेलं नव्हतं. पण ते उचलायचं म्हणजे आत झाडून भरलेली वाळू काढायची, जोडाची टेप फाडायची, खिळे उपटायचे, खालची चिखल झालेली डस्ट आणि माती उचलून बाहेर न्यायची आणि मग पहिल्यापासून पाया. नव्या कामापेक्षा दुरुस्तीचं बिल मोठं झालं. पहिल्या माणसाला त्यांनी पुन्हा फोनसुद्धा केला नाही. हे लक्षात ठेवा, गिऱ्हाईक भांडत नाही, ते गप्प बसतं आणि क्लबमध्ये दहा जणांना सांगतं.

काळ्या मातीत उपाय आहे, तो स्वस्त नाही एवढंच. नेहमीच्या खोदाईपेक्षा आणखी किमान सहा इंच खाली जा, माती फार चिकट आणि खोल असेल तर नऊ ते बारा. तेवढ्या जागी चांगला मुरूम भरा आणि दाबा. आणि पाणी ग्रीनच्या कडेला मुरूच देऊ नका, म्हणजे छपराचं पाणी, बागेचा नळ, ठिबकची नळी, सगळं लांब वळवा. माती फुगते ती पाण्याने, आणि पाणी येतं ते बहुतेक कडेने.

ब्रासचं गणित

आता आकडेमोड. धंद्यात ही आलीच पाहिजे, कागदावर करा.

समजा जागा २० बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. साधी मुरमाड जमीन. पाया दाबून झाल्यावर चार इंच खडीचा थर आणि वर एक इंच डस्ट. म्हणजे खोदाई पाच इंच. ५०० गुणिले ५ भागिले १२, झाले २०८ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून जमिनीतली माती दोन ब्रास. पण खोदलेली माती सुटी होऊन फुलते. तीस टक्के धरा, म्हणजे गाडीत भरताना ती पावणेतीन ब्रास होते. मातीची गाडी ठरवताना हाच आकडा लागतो आणि नवीन माणूस नेमका हाच विसरतो.

खडी : ५०० गुणिले ४ भागिले १२, म्हणजे १६७ घनफूट, पावणेदोन ब्रासला जरा कमी. ही दाबल्यानंतरची जाडी आहे. सुटा माल दाबला की बसतो, म्हणून पंचवीस टक्के वाढवून मागवा. दोन ब्रासच्या थोडं वर, सव्वादोन सांगा. डस्ट : ४२ घनफूट, त्यात दाबणं आणि उधळमाधळ धरून अर्धा ते पाऊण ब्रास.

आणि काळी माती असेल तर? सहा इंच जास्तीची खोदाई म्हणजे आणखी अडीच ब्रास माती बाहेर, सुटी होऊन सव्वातीन. तेवढाच मुरूम आत, दाबणं धरून तीन ब्रासच्या वर. शिवाय त्याची मजुरी, आणि गाडीच्या दोन-तीन जादा खेपा. एकाच मापाच्या दोन ग्रीनमध्ये एवढा फरक पडतो. म्हणून म्हटलं, खड्डा घेतल्याशिवाय रेट सांगू नका. फोनवर फारच मागे लागले तर "गवत आणि फिटिंगचा रेट हा, पायाचा रेट जमीन बघून" एवढंच सांगा.

गाडी आली की ताडपत्री काढायला लावा आणि हौद्यात टेप लावा. लांबी, रुंदी, मालाची उंची, गुणाकार, भागिले १००. ड्रायव्हर "साहेब, भरून आणलीय" म्हणेल, म्हणू द्या. माल मधे ढिगासारखा असेल तर सपाट करून मग उंची घ्या. एक ब्रास खडी चार टनांच्या आसपास भरते, वजनाच्या पावतीवरूनही ताळा करता येतो. रॉयल्टीची पावती मागून घ्या. आणि गाडी कुठपर्यंत जाते ते आधी बघा. बऱ्याच बंगल्यांना मागे जायला तीन फुटांची बोळ असते, मग चार-पाच ब्रास माल घमेल्याने वाहायचा असतो. ती मजुरी कोटेशनमध्ये नसेल तर तुमच्या खिशातून.

खोदाई आणि कापड

खोदण्याआधी मालकाला घेऊन जागेवर फिरा आणि विचारा : पाण्याची लाइन कुठून, ड्रेनेजचा चेंबर कुठे, अर्थिंगचा पाइप कुठे, गेटच्या लाइटची केबल कुठून गेलीय, सेप्टिक टँक कुठे. सगळ्यांवर चुन्याने खूण करा. चेंबरचं झाकण ग्रीनच्या मधोमध येत असेल तर ग्रीनचा आकार बदला. उद्या चोकअप झालं की पहिल्यांदा तुमचं गवत कापलं जाणार.

मोठं झाड जवळ असेल तर मुळांचा विचार करा. गुलमोहराची आणि वडा-पिंपळाची मुळं वर येतात, त्यांच्या बाजूला ग्रीन नको असं सरळ सांगा. हरळी आणि लव्हाळा हे वेगळं दुखणं आहे. लव्हाळ्याची टोकं सुईसारखी असतात, कापडातूनसुद्धा वर येतात. त्याच्या खालच्या गाठी वेचून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नुसतं वरून छाटून उपयोग नाही.

तळ दाबून झाला की जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. हे न विणलेलं, फेल्टसारखं कापड असतं, पाणी जाऊ देतं पण खालची माती आणि वरची खडी एकमेकांत मिसळू देत नाही. कापड नसेल तर पावसाळ्यात माती मऊ होते, खडी तिच्यात रुतते आणि वर खड्डा पडतो. जोडावर एक फूट एकावर एक घ्या. पैसे वाचवायला काही जण प्लास्टिकचा कागद टाकतात. त्यातून पाणीच खाली जात नाही, मग ते ग्रीन राहत नाही, तळं होतं.

खडी : कुठली आणि कशी दाबायची

एकाच मापाची गोलसर, धुतलेली खडी नको. ती दाबली तरी गोट्यांसारखी सरकते. रस्त्याच्या कामाला जो जीएसबी माल येतो, लहान-मोठी खडी आणि पावडर एकत्र, तसा माल क्रशरवर मागा, पण मोठा दगड २० मिलिमीटरच्या आतला ठेवायला सांगा. मोठ्या खडीच्या फटीत लहान बसते, लहानाच्या फटीत भुकटी, आणि सगळं मिळून एक होतं.

दाबणं हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथे घाई करू नका. चार इंच एकदम टाकून वरून मशीन फिरवलं तर वरचे दोन इंच घट्ट होतात, खालचे तसेच पोकळ राहतात, आणि ते सहा महिन्यांनी बसतात. दोन-दोन इंचांचे थर करा. प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, आधी उभा, मग आडवा, असे किमान चार फेरे. हे मशीन भाड्याने मिळतं, सुरुवातीला विकत घेऊ नका. क्रिकेटच्या पिचचा हाताने ओढायचा रोलर पुरत नाही. तो वरचा पृष्ठभाग छान करतो, पण त्याला कंपन नाही, आतली खडी एकमेकांत बसत नाही. भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यात मशीन पोचत नाही, तिथे लोखंडी धुम्मस. जुनी, तडे गेलेली कंपाउंड वॉल असेल तर तिच्यापासून दोन फूट मशीन लांब ठेवा आणि तिथेही धुम्मसच वापरा.

पाणी किती मारायचं? कोकणात पाऊस संपला की खळं करतात ते कोणी बघितलं असेल. माती खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, मग सारवतात. तिथली बाई माती हातात घेऊन सांगते, आता चोपा. इथेही तेच शास्त्र आहे. माल मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी कमी आहे, हात ओला चिक्क झाला तर जास्त. कोरडी खडी कितीही ठोका, बसत नाही. फार ओली असेल तर मशीनखाली लुसलुशीत हलते. बसला की नाही हे बघायला बुटाची टाच जोरात आपटा, खूण उमटली तर अजून दोन फेरे.

उतार आणि डस्ट

ग्रीन पूर्ण सपाट करायचं नाही. पाणी जायला उतार हवा आणि खेळायला थोडं वळणही हवं. एक टक्का उतार म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. आपल्या २५ फुटांच्या लांबीत दीड टक्का धरला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साडेचार इंच उतार येतो. डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला कळतो. कपाच्या भोवती तीन-तीन फूट मात्र दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर चुकलेला बॉल थांबतच नाही आणि माणूस वैतागतो. उतार घराकडे येता कामा नये, हे सांगायची गरज पडू नये, पण मी तशी कामं पाहिली आहेत.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि लोणावळ्यात चार हजारांच्या वर. दोन्हीकडे एकच पाया चालणार नाही. घाटात किंवा कोकणात खालच्या बाजूला भोकं पाडलेला चार इंची पाइप कापडात गुंडाळून खडीत घाला आणि तो बाहेरच्या गटारापर्यंत न्या. पुण्यात मुरमाड जमिनीवर बहुतेक वेळा नुसता उतार पुरतो.

चढउतार काढायचे ते खडीच्या थरात काढा. वरची डस्ट सगळीकडे सारखी, एक इंचच. नवीन मिस्त्री काय करतात, खडी सपाट ठेवतात आणि उंचवटे डस्टचे बनवतात. तीन-चार इंच डस्टचा ढीग कधीच खडीसारखा बसत नाही, वर्षात तो उंचवटा उतरतो. मिस्त्रीला आधीच बजावून ठेवा.

डस्ट म्हणजे क्रशरची बारीक चुरी, पाच मिलिमीटरच्या आतली, भुकटीसकट. धुतलेला क्रश सँड किंवा नदीची वाळू चालत नाही. प्लास्टरला ती चांगली, पण इथे बांधून धरणारी भुकटीच तिच्यातून निघून गेलेली असते, पायाखाली सरकते. आणि नुसती भुकटी असलेला मालही नको, तो पाण्यात लापशी होतो. चुरी चिमटीत चोळून बघा, खरखर लागली पाहिजे.

डस्ट पसरली की आठ-दहा फुटांची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घेऊन ओढा, झारीने पाणी मारा, दाबा, पुन्हा पट्टी ठेवा, खालच्या फटीत चुरी भरा, पुन्हा दाबा. दोन-तीनदा करावं लागतं. पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसू नये हा माझा नियम आहे. पाचशे फुटांच्या कामात हे एवढं करायलाच जवळपास एक दिवस जातो. मजूर कंटाळतात, "साहेब, वरून गवतच येणारे ना" म्हणतात. त्यांना चहा पाजा, पण पट्टी सोडू नका.

कप आणि कड

कप डस्टच्या आधी बसवा. जिथे कप तिथे एक फूट खोल खड्डा घेऊन तळाला खडी भरा, तिच्यावर तळाला भोक असलेला कप, बाजूने थोडं काँक्रीट. तळाला निचरा नसेल तर प्रत्येक पावसानंतर कपात पाणी साचतं, आणि डासांना तेवढं पुरतं. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेचा माणूस तुमच्या क्लायंटला याच कपाबद्दल विचारेल. कपाची खोली चार इंचांपेक्षा कमी नको. गवताचा जोड कपावरून जाणार नाही हे रोलची रुंदी बघून आधीच कागदावर ठरवा. रोल बहुतेक २ किंवा ४ मीटर रुंद येतात.

कडेला काय लावायचं? लाकडाची पट्टी दिसते छान, पण आपल्याकडे वाळवी आणि पाऊस मिळून तिला दोन वर्षांत खातात. आडवी वीट सिमेंटमध्ये, नाहीतर कर्बचे दगड. फक्त खालच्या बाजूला दर तीन-चार फुटांवर पाणी जायला फट ठेवा. चारी बाजूंनी बंद केलेली विटेची कड म्हणजे हौद.

"त्यापेक्षा कोबाच करून द्या ना"

हे प्रत्येक क्लायंट म्हणतो. गच्चीवर किंवा पोडियमवर मूळचाच स्लॅब असतो, तिथे दुसरा मार्ग नाही. वॉटरप्रूफिंग धड आहे का, पाणी जाळीकडे जातंय का ते बघा आणि कामाला लागा. जमिनीवर मात्र मी कोबा टाळतो. काळ्या मातीवर तो तडकतो आणि तडा गवतातून जाणवतो. लांबून उंच मारलेला बॉल त्यावर टणकन उडतो. पाणी खाली झिरपत नाही, उतारात जरा चूक राहिली की साचतं. आणि उद्या क्लायंटला इकडचा उंचवटा तिकडे हवा असला तर खडीचा पाया अर्ध्या दिवसात बदलता येतो, कोब्याला ब्रेकर आणावा लागतो. हे सगळं क्लायंटला शांतपणे सांगा. तरी त्याला कोबाच हवा असेल तर कोटेशनवर तसं लिहून घ्या आणि करा, गिऱ्हाईक त्याचं आहे.

गवत टाकण्याआधी मालकाला बोलवा

आता धंद्याची गोष्ट. पाया झाकला गेला की त्याचा पुरावा संपला. म्हणून गवत उघडण्याआधी मालकाला जागेवर बोलवा. त्याच्यासमोर बादलीने पाणी ओता, डबकं होतंय का बघा. मग त्याच्याच हातात बॉल द्या आणि उघड्या डस्टवर ढकलायला सांगा. बॉल जिथे उडतो किंवा अकारण वळतो तिथे चुन्याची खूण करून लगेच पट्टी मारा. गोल्फ खेळणारा माणूस असेल तर त्याला हे फार आवडतं, तो अर्धा तास तिथेच खेळत बसतो. "इथे थोडं डावीकडे वळू दे" असंही सांगेल. आत्ता ते फुकटात होतं, गवत लागल्यावर पैशात.

काही क्लायंट "स्टिंप किती मिळेल?" असं विचारतील. घाबरू नका. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ साली बनवलेलं हे साधं माप आहे. ३६ इंचांची ॲल्युमिनियमची पन्हळ, तिच्या खाचेत बॉल ठेवून टोक हळूहळू उचलायचं, साधारण वीस अंशांवर बॉल आपोआप सुटतो, आणि सपाट भागावर तो जितके फूट जातो तितका आकडा. एकदा या दिशेने, एकदा उलट दिशेने मोजून सरासरी काढतात. वेग गवताच्या उंचीवर आणि आत भरलेल्या वाळूवर ठरतो, तो नंतर वाळू झाडून थोडा कमी-जास्त करता येतो. पण सपाट म्हणून दिलेल्या भागावर दोन दिशांचे आकडे फार वेगळे आले तर दोष पायाचा आहे.

प्रत्येक थराचे फोटो काढा, टेप उभी धरून, जाडी दिसेल असे. ते मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. पायाच्या चाचणीनंतर एका कागदावर सही घ्या, आणि पेमेंटचा मोठा हप्ता याच टप्प्याला ठेवा. मी असं ठेवतो : ऑर्डरला ४० टक्के, पाया तपासून दिल्यावर ४०, काम पूर्ण झाल्यावर २०. गवत पसरल्यावर बहुतेक पैसे घेऊ म्हणाल तर तोपर्यंत माती, खडी, मजुरी सगळं तुमच्या भांडवलातून गेलेलं असतं, आणि नवीन माणसाकडे तेवढं भांडवल नसतं.

कोटेशन कसं लिहायचं

एकच आकडा लिहू नका. एक आकडा दिला की क्लायंट तो दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवतो, आणि दुसऱ्याने पाया धरलेलाच नसतो. खोदाई आणि माती वाहतूक ब्रासवर. मुरूम, खडी, डस्ट ब्रासवर. कापड चौरस फुटावर. मशीनचं भाडं आणि मजुरी दिवसांवर. कप नगावर, कड धावत्या फुटावर. मग गवत, जोड, वाळू. जीएसटी वेगळा. खाली एक ओळ : "खोदाईत खडक, जुना राडारोडा किंवा काळी माती अपेक्षेपेक्षा खोल लागल्यास जादा काम वरील दरानेच मोजलं जाईल." ही ओळ ठेवल्यापासून माझी निम्मी भांडणं संपली.

दिवसांचा अंदाज द्यायचा तर ५०० फुटांच्या साध्या जागेला एक मिस्त्री आणि चार मजूर धरून पायाला चार दिवस, गवताला एक ते दीड. क्लायंट विचारेल, "पायाला एवढे दिवस?" तेव्हा "साहेब, तो समोरचा जरा स्वस्तात करतोय, त्याला फक्त विचारा की गवताखाली किती इंच आणि काय टाकणार" एवढं म्हणा आणि गप्प बसा. त्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याकडे असेल तर तो तुमच्याच तोडीचा आहे, काम त्याला गेलं तरी वाईट वाटून घेऊ नका.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर धरा. माती फार ओली नसते, फार भेगाळलेलीही नसते. मेमध्ये ऑर्डर आली आणि जमीन काळी असेल तर मी खोदाई आणि मुरूम तेवढा करून घेतो, एक पावसाळा त्यावरून जाऊ देतो आणि बाकीचं ऑक्टोबरनंतर. सगळे क्लायंट थांबत नाहीत, पण जे थांबतात त्यांच्याकडे मला परत जावं लागत नाही. आणि कोटेशनमध्ये एक भेट आधीच धरून ठेवा : पहिला पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला. पट्टी, बॉल, पाण्याची बादली आणि दोन घमेली डस्ट घेऊन जा, कुठे बसलं असेल तर तिथली कड उचलून भरून द्या. तासा-दोन तासांचं काम असतं.